परदेशात उतरल्यावरचे पहिले इंग्रजी
तयारी मात्र तेरखेड्याच्या घरातच

धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यात, सोलापूर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावर तेरखेडा हे गाव आहे. मराठवाड्यात ते फटाक्यांच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. दिवाळी घराघरांत उजळते, पण तिच्यामागे दारू भरणारे, वाती लावणारे, खोकी बांधणारे कष्टकरी हात असतात. अशा घरातली एखादी मुलगी पदवीधर झाली, तर तिने परदेशी शिकायला जाण्याचे स्वप्न पाहावे की नाही?

जरूर पाहावे. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती तर १९५४-५५ पासूनची आहे. अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात नीट वाचून अर्ज करावा. निवड झाली की विद्यापीठाची फी, राहण्याचा खर्च, विमानभाडे यांची सोय होते. मात्र विमानातून उतरल्यावर बोलायचे ते आपले आपल्यालाच. तिथे कोणतीही शिष्यवृत्ती आपल्या वतीने तोंड उघडत नाही.

म्हणून या लेखात व्याकरणाचे नियम सांगायचे नाहीत. नव्या देशात पहिल्या महिन्यात जे इंग्रजी लागते, ते कसले असते आणि गावात राहून, खिशाला चाट न लावता त्याची तयारी कशी करायची, एवढेच सांगायचे आहे. मूल परदेशी जाणार असो वा पुण्या-बंगळुरूच्या कंपनीत, हा अभ्यास वाया जाणार नाही.

दोन माणसे, दोन वाटा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. पण त्या प्रवासाची तयारी किती आधी सुरू झाली होती, याकडे आपले लक्ष जात नाही. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. इंग्रजीबाबत ते फार काटेकोर होते. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी भीमरावांकडून घोटून घेतली. घरात पैसा बेताचाच होता, पण मुलाचा धडा ऐकायला बाप वेळ काढत होता. पुढे लंडनला अर्थशास्त्र शिकत असताना बाबासाहेबांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले आणि त्यासाठी जर्मन भाषेचा अभ्यास केला. नवी भाषा म्हणजे नवा विद्यार्थी होणे, हे त्यांनी कधी कमीपणाचे मानले नाही.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली ती मराठीत. तिचे इंग्रजी दुसऱ्यांनी केले. १८८३ साली त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला पोचल्या. वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहून त्या इंग्रजी शिकल्या. नंतर चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकवले आणि स्वतः इंग्रजी, गणित, विज्ञान यांचे धडे घेतले. त्यांना कानाने कमी ऐकू येऊ लागले होते. त्यामुळे डॉक्टर होण्याचा बेत त्यांना सोडावा लागला. तरीही १८८७ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. साक्ष मराठीत आणि पाच वर्षांनी पुस्तक इंग्रजीत! सनातन्यांनी रमाबाईंवर झोड उठवली, तेव्हा महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली होती.

एकाने घरी पाया पक्का करून मग समुद्र ओलांडला. दुसरीने समुद्र ओलांडून मग भाषा पक्की केली. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. पण शिष्यवृत्तीचे वर्ष-दोन वर्षे मोजलेली असतात. म्हणून आपल्या मुलांना पहिली वाट अधिक सोयीची.

आपले इंग्रजी नेमके कुठे अडते?

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. आजच्या बऱ्याच पालकांनी पाचवीतच एबीसीडी गिरवली. पण पहिलीपासून शिकलेल्या मुलांचीही एक अडचण तीच राहिली. शाळेत इंग्रजी डोळ्यांनी शिकवले जाते, कानांनी नाही. धडा वाचायचा, उत्तर पाठ करायचे, पेपरात लिहायचे. मूल इंग्रजीत चांगले गुण मिळवते, पण समोरचा माणूस भराभर बोलू लागला की काही कळत नाही.

मग दोष भाषेचा की बुद्धीचा? दोष फक्त सवयीचा आहे. महामार्गावरच्या ढाब्यावर काम करणारा, शाळा अर्ध्यावर सुटलेला पोरगाही पंजाबी ट्रकवाल्याशी हिंदीत बोलतो. त्याने हिंदीचे व्याकरण कधी वाचलेले नसते. त्याने ऐकले, चुकला, पुन्हा बोलला. इंग्रजीही तसेच येते. तेरखेड्याच्या कारखान्यात लायसन्स, स्टॉक, गोडाऊन, लेबल, ऑर्डर हे शब्द रोज तोंडात आहेतच. शब्दांचा तुटवडा नाही, ते वाक्यात घालून बोलण्याची सवय नाही.

'कृपया' आपल्याकडे फक्त पाटीवर

आता एक महत्त्वाची गोष्ट. मराठीत आदर क्रियापदात असतो. 'पाणी दे' आणि 'पाणी द्या' यात फरक एका अक्षराचा, पण मान सगळा त्यातच आला. 'जरा सरकता का', 'एवढे बघा ना' असे म्हटले की विनंती झाली. 'कृपया' हा शब्द आपण घरात कधी उच्चारत नाही. तो फक्त 'कृपया चपला बाहेर काढा' अशा पाटीवर राहतो.

इंग्रजीत 'दे' आणि 'द्या' दोन्हींना एकच 'गिव्ह'. मान दाखवायला तिथे वेगळे शब्द लागतात. आपला मुलगा मनात 'एक तिकीट द्या' असे नम्रपणे म्हणतो आणि तोंडातून निघते, 'गिव्ह मी वन तिकीट'. ऐकणाऱ्याला वाटते, हा हुकूम सोडतो आहे. मुलगा चांगला, मन साफ, तरी उद्धट ठरतो. बरे, समोरचा हे तोंडावर सांगतही नाही.

यावर उपाय सोपा आहे. चार वाक्यांचे साचे जिभेवर बसवावेत.

'कॅन आय हॅव... प्लीज?' म्हणजे मला अमुक मिळेल का. दुकानात, बसमध्ये, खानावळीत हाच साचा.

'कुड यू... प्लीज?' म्हणजे आपण अमुक कराल का. पत्ता विचारताना, मदत मागताना.

'सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?' म्हणजे पुन्हा सांगाल का. हे वाक्य पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त लागते.

'कुड यू राइट इट डाउन फॉर मी, प्लीज?' म्हणजे लिहून द्याल का. आपले डोळे कानांपेक्षा तयार असतात, म्हणून लिहून मागावे.

'थँक यू' तर बसमधून उतरतानाही ड्रायव्हरला म्हणण्याची ब्रिटनमध्ये अनेक गावांत रीत आहे. आपल्याकडे आभार वारंवार मानले की परकेपणा वाटतो. तिथे मानले नाहीत तर परकेपणा वाटतो.

आणखी एक सूचना. आपण होकाराला मान डोलावतो, ती तिकडच्या माणसाला 'नाही' वाटू शकते. म्हणून 'येस' किंवा 'नो' तोंडाने स्पष्ट म्हणावे.

ऐकू येते एक, अर्थ दुसरा

पुस्तकी अर्थावर विसंबले की फसगत होते. ब्रिटनमधील काही नेहमीचे प्रसंग पाहा.

'यू ऑल राइट?' असे कुणी विचारले तर तो तब्येतीची चौकशी करीत नाही. आपण 'काय, बरंय का?' म्हणतो तसेच ते आहे. 'येस, थँक्स, यू?' एवढे उत्तर पुरे.

'आय ॲम अफ्रेड वुई आर क्लोज्ड' म्हणणारा घाबरलेला नसतो. 'माफ करा, दुकान बंद झाले' असे तो सांगतो.

'हाफ फाइव्ह' म्हणजे साडेपाच, साडेचार नव्हे. या एका शब्दापायी डॉक्टरची वेळ चुकू शकते.

घरावर 'टू लेट' अशी पाटी असेल तर तिचा उशिराशी संबंध नाही. घर भाड्याने द्यायचे आहे, एवढाच अर्थ. डॉक्टरच्या दवाखान्याला तिथे 'सर्जरी' म्हणतात. तिथे जा म्हटले तर ऑपरेशन आहे असे समजून घाबरू नये. उत्तर इंग्लंडात 'टी'ला बोलावले तर बहुधा संध्याकाळचे जेवण असते. चहाच असेल म्हणून घरून जेवून जाऊ नये!

'वुड यू माइंड इफ आय ओपन द विंडो?' या प्रश्नाला आपण सौजन्याने 'येस' म्हणतो. त्याचा अर्थ होतो, 'हो, माझी हरकत आहे.' खिडकी उघडायला परवानगी द्यायची तर 'नो, नॉट ॲट ऑल' म्हणावे.

दुकानातील बाई 'लव्ह' म्हणाली, ड्रायव्हर 'मेट' म्हणाला, तर त्यात काही वावगे नाही. आपल्याकडे अनोळखी माणसाला मावशी, दादा म्हणतात त्यातलाच तो प्रकार. प्राध्यापक मात्र नुसत्या नावाने हाक मारायला सांगतात. 'सर, सर' करण्याची सवय असलेल्या आपल्या मुलांना हे जड जाते. त्यांनी सांगितले तर नावाने बोलवावे. त्यात अनादर नाही.

एकाच वस्तूला गावोगाव वेगळे नाव असते, हे भगवान बुद्धांनीही सांगितले आहे. मज्झिमनिकायातील अरणविभंग सुत्तात ते भिक्षापात्राचे उदाहरण देतात. वेगवेगळ्या जनपदांत त्याच भांड्याला वेगवेगळी नावे आहेत, म्हणून आपलाच शब्द खरा असा हट्ट धरू नये, असा त्याचा आशय. परक्या मुलखात जाणाऱ्याला याहून चांगली शिकवण कोणती? ब्रिटनमधील 'लिफ्ट' अमेरिकेत 'एलेव्हेटर' होते, 'केमिस्ट'चे 'फार्मसी' होते. जिथे जाऊ तिथला शब्द उचलावा.

आकडे, नाव आणि पत्ता

बँक, घरमालक, दवाखाना, विद्यापीठ, सगळीकडे पहिल्या आठवड्यात हेच तीन विचारतात. आकडे ऐकताना आपली धांदल उडते. कारण मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर येतात, इंग्रजीत उलट. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांतही गोंधळ होतो. तेरा म्हणताना जोर शेवटच्या भागावर, तीस म्हणताना सुरुवातीवर. फोन नंबर सांगताना शून्याला 'ओ' म्हणतात आणि दोन सात लागोपाठ आले तर 'डबल सेव्हन'. लाख-कोटी तिकडे चालत नाहीत. दहा लाख म्हणजे एक मिलियन.

नाव सांगताना अक्षरे सुटी सांगायचा सराव करावा. मराठी माणसाच्या नावात स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव असे तीन भाग येतात. पासपोर्टवर जसे आहे तसेच सगळीकडे लिहावे. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे झाले की महिनोन्‌महिने त्रास होतो.

'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोघांनाही आपल्याकडे एकच 'व'. 'व्ही'साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवावेत. 'डब्ल्यू'साठी चूल फुंकताना करतो तसा ओठांचा चंबू करावा. आरशासमोर पाच मिनिटे केले तरी फरक कळतो.

ब्रिटनमध्ये तातडीच्या संकटात ९९९ आणि तातडी नसलेल्या आजारात ११९ नव्हे, १११ हा क्रमांक असतो. अमेरिकेत संकटाचा क्रमांक ९११. फोनवर 'आय नीड ॲन ॲम्ब्युलन्स' आणि आपला पत्ता, ही दोन वाक्ये झोपेतून उठवले तरी सांगता आली पाहिजेत. ब्रिटनला पोचल्यावर जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे. त्या नोंदणीला पैसे पडत नाहीत.

परीक्षेची भीती नको, ओळख हवी

अनेक विद्यापीठे प्रवेशासाठी आयईएलटीएस ही परीक्षा मागतात. तिचे चार भाग आहेत. ऐकण्याचा भाग सुमारे ३० मिनिटांचा, ४० प्रश्नांचा. ध्वनिफीत एकदाच वाजते. वाचनाला ६० मिनिटे आणि ४० प्रश्न. लेखनाला ६० मिनिटे, त्यात दोन मजकूर लिहायचे, एक किमान १५० शब्दांचा, दुसरा किमान २५० शब्दांचा. शेवटी परीक्षकाशी ११ ते १४ मिनिटे बोलायचे. त्यात एका विषयावर एक मिनिट विचार करून दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचे असते. गुण ० ते ९ या पट्टीवर मिळतात आणि निकाल साधारणपणे दोन वर्षे ग्राह्य धरतात.

यात पास-नापास नसते. विद्यापीठ आपली अट ठरवते. परीक्षेची फी मोठी असते, म्हणून तयारीशिवाय बसू नये. घरी सराव परीक्षा घड्याळ लावून द्याव्यात. आपली मुले वाचनात टिकतात आणि ऐकण्या-बोलण्यात मागे पडतात, ते वर सांगितलेल्या कारणाने. म्हणून अर्धा वेळ कानाला आणि जिभेला द्यावा.

घरातला एक तास

क्लास लावायला पैसे नसले तरी हरकत नाही. सहा महिने रोज एक तास असा घालवावा.

पहिली वीस मिनिटे ऐकणे. बीबीसी लर्निंग इंग्लिशचे सहा मिनिटांचे धडे मोबाईलवर मोफत मिळतात. एक धडा तीनदा ऐकावा. पहिल्यांदा मजकूर न पाहता, दुसऱ्यांदा पाहून, तिसऱ्यांदा पुन्हा न पाहता.

पुढची वीस मिनिटे बोलणे, तेही मोठ्याने. ऐकलेली वाक्ये त्याच चालीत म्हणावीत. मग दिवसभरात काय केले ते इंग्रजीत सांगावे. घरात लाज वाटत असेल तर वासरापुढे बोलावे, ते हसत नाही.

शेवटची वीस मिनिटे प्रसंगांना. दोन भावंडांनी किंवा मैत्रिणींनी एकीने घरमालकीण व्हावे, दुसरीने भाडेकरू. कधी बँक, कधी दवाखाना. आठवड्यातून एकदा एकमेकींना दुसऱ्या खोलीतून फोन लावून नंबर आणि पत्ते लिहून घ्यावेत. फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून फोनचे इंग्रजी सर्वांत अवघड. विहारात रविवारी वंदना झाल्यावर गावातल्या मुलांनी अर्धा तास असा सराव केला, तर एकट्यादुकट्याचा संकोचही जाईल.

ज्या आईवडिलांना इंग्रजी येत नाही त्यांनी काय करावे? फक्त समोर बसावे. लेकरू बोलते तेव्हा चुका काढता आल्या नाहीत तरी चालेल. अडखळले तर हसू नये आणि शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करू नये. रोज तो तास पाळला जातो की नाही, एवढे बघितले तरी मोठे काम झाले.

गप्प बसण्याची किंमत

पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांना गप्प बसायला शिकवले गेले. समोरच्याने काही म्हटले की मान खाली घालायची. ती सवय परदेशीही पिशवीतून बरोबर जाते. न कळता 'येस, येस' म्हणायचे आणि सही करायची. घरभाड्याचा करार असो, पगाराची चिठ्ठी असो, न कळता केलेल्या सहीचे पैसे आपल्यालाच भरावे लागतात. विद्यार्थी फावल्या वेळात काम करतात. ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कामाची मुभा असते. मालकाने किती तास लावले, किती पैसे कापले, का कापले, हे विचारता आले पाहिजे.

जातही समुद्र ओलांडते. परक्या देशातला माणूस आडनावावरून काही ओळखत नाही, पण आपल्याच देशाचा सहकारी आडून आडून चौकशी करू शकतो. अमेरिकेतील सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली, ती तेथील कार्यकर्त्यांनी नगर परिषदेपुढे उभे राहून आपले म्हणणे मांडले म्हणूनच. तक्रार चार ओळींत लिहिता येणे, कोण, कधी, कुठे, काय बोलला हे क्रमाने सांगता येणे, हेही व्यवहारी इंग्रजीच आहे. त्याचाही सराव करून ठेवावा.

राजा मिलिंदाने भिक्खू नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारले. त्याचेच नाव बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिळाले. प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाने आपली शाळा आहे. तेव्हा 'मला कळले नाही, पुन्हा सांगा' म्हणायला आपल्या मुलाने कुणासमोर लाजू नये.

उच्चार गावचा राहिला तरी चालेल. स्कॉटलंडचा माणूस एका चालीत बोलतो, नायजेरियाचा दुसऱ्या, मग मराठवाड्याचा तिसऱ्या चालीत का बोलू नये? समोरच्याला कळले आणि आपल्याला कळले, म्हणजे भाषेने काम केले. यंदा ज्या घरात शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, त्या घराने आजच संध्याकाळपासून तो एक तास सुरू करावा. जय भीम!